राखणीला ठेवलेली बाई

कांताबाईचं काम मिरचीच्या प्लॉटवर. बियाणं करणाऱ्या कंपन्या जालना जिल्ह्यात शेतकऱ्यांकडून जे प्लॉट करून घेतात, त्यांवर ती बायकांची टोळी घेऊन जाते. उद्या फुलणारी कळी आज ओळखायची, चिमट्यानं तिच्यातला नर काढून टाकायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. ह्याला तिकडं सगळे क्रॉसिंग म्हणतात. वय बावन्न. चष्मा लागला, तरी टोळीत तिच्याइतका हात कोणाचा चालत नाही. दिवसभर वाकून राहिल्यामुळं ती चालतानाही थोडी पुढं झुकलेली असते, आणि समोरून येणाऱ्याला वाटतं की ही बाई काहीतरी विचारायला आपल्याकडं येते आहे.

अंबडला ती आली २००६ मध्ये, हसनाबादहून. नवरा देवानंद मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, वजनकाट्यावर लागला होता आणि रूपाली तेव्हा पाच वर्षांची होती. दोघांनी आठ दिवस खोली शोधली. सहा घरं पाहिली. सहाही ठिकाणी बोलणं चांगलं सुरू व्हायचं. गाव कोणतं, काम काय, माणसं किती. मग आडनाव विचारलं जायचं, आणि खोलीला अचानक दुसरा भाडेकरू आठवायचा. देवानंदला ह्या गोष्टीची सवय होती, आणि सवय असण्याचा त्याला राग होता.

सातवं घर वडीगोद्रीच्या एका बागाईतदार म्हाताऱ्याचं होतं. पोरांच्या शिक्षणासाठी त्यानं अंबडला तीन खोल्यांचं घर घेतलं होतं. पोरं शिकून झाली, घर रिकामं पडलं. दाखवायला थोरला मुलगा आला होता, भुजंग. त्यानं कुलूप काढलं, नळ दाखवला आणि म्हणाला, "पाणी चार दिवसाला येतं. टाकी लहान हाय. चालंल का?"

देवानंद वाट पाहत उभा राहिला. पुढचा प्रश्न आला नाही.

"आमचं आडनाव..." देवानंदनंच सुरुवात केली.

"आडनाव घेऊन काय करू, राह्यला माणूस लागतो घरात," भुजंग म्हणाला आणि चावी कांताबाईच्या हातात दिली.

ह्या एका वाक्यावर कांताबाई पुढची कितीतरी वर्षं राहिली. भाडं ती घराचं देत होती, पण त्या वाक्याचं काही देणं आपल्याकडं उरलं आहे, असं तिला कायम वाटत राहिलं.

म्हाताऱ्यानं भाड्याची एक पद्धत लावून दिली होती. मराठवाड्यात सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं, तसंच घराचंही. एका सालाचं भाडं थोरल्या भुजंगकडं द्यायचं, पुढच्या सालाचं धाकट्या भागवतकडं. पावती नाही, करार नाही. "दोघांचा बी पाय ह्या घराला लागला पाहिजे," म्हातारा म्हणायचा. ज्याचं साल सुरू होई तो पाडव्याला येऊन जायचा. भुजंग मोसंबी आणायचा. भागवत बायकोला, मीनाला, घेऊन यायचा आणि मीना रूपालीच्या गळ्यात साखरेची गाठी घालायची. रूपाली दोघांनाही मामा म्हणत होती. २००९ मध्ये देवानंद गेला, छातीत कळ येऊन, मोंढ्यातच. तेव्हा दोघं भाऊ आले आणि दोघांनीही खांदा दिला. हे कांताबाई नंतर बऱ्याच वेळा लोकांना सांगायची. वडीगोद्रीच्या पाटलाच्या दोन पोरांनी माझ्या माणसाला खांदा दिला.

मग म्हातारा वारला आणि दोन वर्षांत भावांची वाटणी कोर्टात गेली. घराचं खरेदीखत भुजंगच्या नावानं होतं. भागवतचं म्हणणं, पैसा बापाचा होता, घर दोघांचं. भुजंगचं म्हणणं, घर माझ्या कमाईचं.

२०१५ च्या उन्हाळ्यात भुजंग एका दुपारी आला. तांब्याभर पाणी प्याला, रिकामा तांब्या हातात फिरवत बसला.

"कांताताई, एक शब्द पाहिजे तुमचा."

"सांगा की भाऊ."

"कोर्टात एवढंच सांगायचं. मी भाडेकरू न्हाई. भुजंगभाऊनी त्यांच्या घराची राखण कराया ठेवलंय मला. भाडं कोणालाच देत न्हाई."

कांताबाईला लगेच कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ती म्हणाली, "अन् भागवतभाऊला देत होते ते?"

"तेच तर. भागवतला भाडं गेलं म्हणलं की घर दोघांचं होतं, असा त्याचा वकील म्हणतो."

"पण दिलं तर हाय."

"दिलं हो. मला म्हाइत न्हाई का?" भुजंग हसला. "भागवतला मी वाऱ्यावर सोडीन का? पाठचा भाऊ हाय माझा. त्याला दुसरीकडं भरून देतो. हे नुसतं कागदापुरतं. अन् तुम्हाला सांगतो ताई, तुम्ही जित्या हात तवर ह्या घरातून तुम्हाला कोणी हलवणार न्हाई. हा माझा शब्द."

तिनं शपथपत्र वाचलं. सातवीपर्यंत शिकलेली होती, अक्षर अन् अक्षर वाचलं. म्हणजे तिला कोणी फसवून सही घेतली असं नाही. ती जालन्याला कोर्टात गेली, पिंजऱ्यात उभी राहिली. भागवतच्या वकिलानं विचारलं, पाडव्याला तुम्ही भागवतच्या हातात भाडं दिलं हे खरं आहे का? ती म्हणाली, खोटं आहे. त्यानं दुसऱ्या शब्दांत तेच विचारलं. ती दुसऱ्यांदा म्हणाली, खोटं आहे. भागवत बाकावर बसला होता. त्याच्या निळ्या शर्टाचा एक तुकडा तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. तिनं मान तिकडं वळवली नाही.

घर भुजंगला मिळालं. भागवतच्या वाट्याला नदीकाठची जमीन गेली, पावसाळ्यात जिच्यात पाणी बसतं. पुढच्या पाडव्याला कोणीच आलं नाही. भाडं ती भुजंगला देत राहिली, दर महिन्याला, हातात. राखणीला ठेवलेल्या बाईकडून तो ते घेत राहिला. ह्याचं त्या दोघांनाही काही वाटलं नाही, किंवा वाटलं तरी कोणी बोललं नाही.

रूपालीचं लग्न झालं, तीर्थपुरीला दिली. गेल्या पावसाळ्यात दिवस गेल्याची बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं कांताबाईनं दिवाळीपासून तयारी धरली. मधल्या खोलीला चुना मारला. विणून आणलेली बाज भिंतीला उभी केली. न्हाणीच्या दाराला पडद्याऐवजी पत्र्याचं दार बसवून घेतलं, कारण बाळंतिणीला वारा लागू नये. तारीख फेब्रुवारीच्या शेवटची होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भुजंग आला. केस पांढरे झालेले, मोसंबीची पिशवी तीच.

"ताई, घर लागून राह्यलं. हरिओमचं लग्न जमलं. पोरगी इथं अंबडलाच नोकरीला हाय, तृप्ती नाव तिचं. वडीगोद्रीहून रोज जाणं-येणं व्हायचं न्हाई तिला."

हरिओम हा त्याचा मुलगा. कांताबाईनं त्याला चड्डीत पाहिलेलं. तिला खरंच आनंद झाला, तसं ती बोललीही. मग जमिनीकडं बघत म्हणाली, "घर तुमचं हाय भाऊ. तुम्हाला लागंल तेव्हा सोडणं आलंच. पण पाडव्यापर्यंत द्या. रूपालीचं बाळंतपण होऊन जाऊ द्या इथं. मंग मी माझं बघते."

"बिलकुल. भाची न्हाई का ती माझी? लग्न तर मे महिन्यात हाय."

तो गेल्यावर तिनं मोसंबी कापून शेजारी वाटली.

अकराव्या दिवशी पोस्टमन आला. नोटीस वकिलाच्या कागदावर होती. त्यात लिहिलं होतं की सदर महिला ही आमच्या अशिलाच्या घरात राखणदार म्हणून विनाभाडे राहत होती, ती परवानगी आता काढून घेतली आहे, तरी पंधरा दिवसांत घर खाली करून ताबा द्यावा. मागं एक झेरॉक्स जोडलेली होती. दहा वर्षांपूर्वीचं तिचंच शपथपत्र. खाली तिची सही, त्या काळातली, जेव्हा तिचा हात आजच्यापेक्षा सरळ चालत होता.

तिनं भुजंगला फोन लावला.

"भाऊ, पाडवा म्हणला होता तुम्ही."

"म्हणलो होतो ताई, खोटं न्हाई बोलत. पण वकील म्हणला, बाळंतीण घरात आली की मंग कोर्ट बाईमाणसाला काढत न्हाई. अन् एकदा का बसल्या तर उठत न्हाईत. मी म्हणलं, कांताताई तशा न्हाईत. तर तो म्हणला, सगळेच आधी तसे नसतेत."

"मंग तुम्ही काय म्हणलात?"

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "मी काय म्हणणार? कायद्याचं त्याला कळतं."

टोळीतल्या एकीच्या ओळखीनं ती शीतल नावाच्या वकीलबाईकडं गेली. तिशीतली पोरगी, तहसील कचेरीसमोर एका खोलीत बसायची. तिनं आधी नोटीस बाजूला ठेवून सगळं विचारून घेतलं, आणि बोलायला लागली तेव्हा कांताबाईला जरा धीर आला.

"हे बघा मावशी. मालकाला घर स्वतःसाठी लागतं, हे कारण कायद्यात आहे. पण नोटीस पाठवली आणि घर खाली झालं, असं नसतं. त्याला कोर्टात यावं लागतं, गरज खरी आहे हे दाखवावं लागतं. त्याला दुसरी जागा आहे का, घर दिलं नाही तर त्याची अडचण मोठी की गेलं तर तुमची मोठी, हे कोर्ट तोलून बघतं. तोपर्यंत तुमचं वीज-पाणी तोडता येत नाही, सामान बाहेर काढता येत नाही. पावती नसली तरी चालतं. एकोणीस वर्षांचं राहणं आहे, शेजारी आहेत, गॅसच्या पुस्तकावर पत्ता आहे. भाडेकरूला इतक्या सहज नाही काढता येत."

मग तिनं नोटीस उलटली आणि मागचा कागद वाचला. दोनदा वाचला.

"ही सही तुमची?"

"हो."

"हे कोर्टात सांगितलं होतं तुम्ही? शपथेवर?"

"हो."

शीतलनं पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही भाडेकरू नाही, मावशी. मी आत्ता जे जे सांगितलं ना, ते भाडेकरूसाठी होतं."

बाहेर कोणीतरी स्टॅम्पपेपरसाठी हाका मारत होतं. शीतल म्हणाली, "एक रस्ता आहे. ते तेव्हाचं खोटं होतं असं कोर्टात कबूल करायचं, आणि भाडं घेणारा माणूस साक्षीला आणायचा. मालक तर येणार नाही. तो धाकटा भाऊ येईल का?"

भागवतचं दुकान वडीगोद्रीला रस्त्याच्या कडेला आहे. पाण्याच्या जळालेल्या मोटारी तो तांब्याची तार भरून दुरुस्त करतो. कांताबाई गेली तेव्हा तो मांडीत एक मोटार घेऊन वेटोळी बसवत होता. त्यानं वर पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा खाली पाहून राहिलेलं वेटोळं पूर्ण केलं.

"बसा ताई. राखणदारानं जास्त उभं राहू न्हाई, पाय दुखतेत."

दुकानाच्या मागंच घर होतं. मीना दारात आली. "अवो, काय बोलून राह्यलात? दहा वर्षांनी आल्यात त्या."

"मी कुठं काय बोललो? कोर्टात बोलल्या त्या. मी नुसतं ऐकून घेतलं."

कांताबाईनं नोटीस त्याच्या पुढं ठेवली. त्यानं तेलाचे हात कापडाला पुसले आणि ती वाचली. मागचा कागद पाहून तो हसला.

"हा तर माझ्याच केसचा कागद. जपून ठेवला बघा दादानं. आमच्या बापाचा एक फोटो होता, तो न्हाई ठेवता आला त्याला."

"भाऊ, तुम्ही साक्ष द्या. मी तुम्हाला भाडं देत होते, एवढंच सांगा. सालाआड."

"देत होत्या ना. चार पाडवे. हिनं रूपालीच्या गळ्यात गाठी घातली, ते बी सांगू का?"

"सांगा."

"अन् वकील इचारल की बाई तव्हा खोटं बोलली का आता बोलून राह्यली?"

"तव्हा."

"कशापायी बोलली?"

कांताबाई म्हणाली, "भुजंगभाऊनी शब्द दिल्ता."

"मी बी शब्दच मागत होतो तुम्हाला, ताई." भागवतनं मोटार मांडीवरून खाली ठेवली. त्याचा आवाज चढला नव्हता. "घर गेलं, त्याचं मला आता काही न्हाई. जमिनीत पाणी बसतं, तर मी हे दुकान टाकलं, चाललंय. पण मी तिथं बाकावर बसलो होतो. मला वाटलं, वकिलानं दुसऱ्यांदा इचारलं ना, तेव्हा तरी ह्या माझ्याकडं बघतील. बघितलं असतं तर मंग तुमच्या तोंडून निघालं नसतं ते. अन् म्हणून तर बघितलं न्हाई तुम्ही."

"चुकलं माझं."

"हो."

मीनानं चहा आणला. तिघांनी तो घेतला. एक माणूस मोटार न्यायला आला, बोलून गेला.

"मी येणार न्हाई साक्षीला," भागवत म्हणाला. "राग धरून न्हाई म्हणत. पण पुन्हा त्या बाकावर बसायचं, पुन्हा तुम्ही पिंजऱ्यात उभ्या राह्यच्या, अन् पुन्हा मी बघत बसायचं की आज बाई काय बोलती. मला ते व्हायचं न्हाई."

मीना तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. जीपची वाट बघत दोघी कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी कोर्टातून आले अन् जेवलेच न्हाईत," मीना म्हणाली. "मला म्हणले, दादाचं काय न्हाई, तो लहानपणापासून तसाच हाय. पण कांताताई असं करतील, हे सपनात बी वाटलं नव्हतं. तुम्हाला लागावं म्हणून न्हाई सांगत. त्यांचं सांगते."

जीप आली. कांताबाई मागच्या बाकावर दोन बायकांच्या मध्ये बसली. सकाळी निघाली तेव्हा तिच्याजवळ एकच गोष्ट होती, की आपला घात झाला. त्या एका गोष्टीच्या आधारानं ती ताठ बसून आली होती. परत जाताना ती गोष्ट तशीच होती, पण तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली होती, आणि दोघींना एका वेळी बघणं जमत नव्हतं. भुजंगनं फसवलं असं मनात म्हणायला जावं तर निळ्या शर्टाचा तुकडा दिसायचा. आपण फसवलं असं म्हणायला जावं तर भिंतीला उभी केलेली बाज दिसायची. अंबड येईपर्यंत तिनं बाहेर पाहिलं नाही.

पंधरा दिवस संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी भुजंग आणि हरिओम आले. लिहून आणलेला कागद हरिओमच्या हातात होता. मी राखणदार म्हणून राहत होते, आज स्वखुशीने घराचा ताबा देत आहे.

"एवढी सही करा ताई. महिनाभर राहा मंग. कोणी काही म्हणत न्हाई," भुजंग म्हणाला.

कांताबाईनं कागद वाचला. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग कागद पालटून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. बापलेक उभेच होते. तिला वेळ लागला. लिहून झाल्यावर तिनं तो भुजंगच्या हातात दिला.

तिनं लिहिलं होतं की मी ह्या घरात २००६ पासून भाड्याने राहत आहे. भाडे एक साल भुजंग यांना व एक साल भागवत यांना दिले. नंतर भुजंग यांनाच दिले. २०१५ मध्ये मी कोर्टात ह्याच्या उलट सांगितले ते खोटे होते. ते मला माहीत असून मी सांगितले. घर मी सोडत आहे ते स्वखुशीने नाही.

भुजंगनं वाचलं आणि हरिओमकडं दिलं.

"हे काय करून राह्यल्या ताई? ह्यानं तुम्हीच अडकताल."

"अडकू द्या."

"मला तुमचं वाईट करायचं न्हाई, देवाशपथ. मी एवढी वर्षं तुम्हाला बहीण म्हणलो. तुमच्या माणसाला खांदा दिला."

"दिला. मी विसरले न्हाई." ती त्याच्याकडं सरळ बघत होती. "खांदा तर भागवतभाऊनी बी दिल्ता."

हरिओम म्हणाला, "बाबा, हा कागद आपल्या कामाचा न्हाई, चला." दोघं गेले. कागद टेबलावर राहिला.

शीतल फोनवर म्हणाली, आता हलू नका, ते कोर्टात येईपर्यंत आपण मनाई मागू. पण बुधवारी कांताबाई प्लॉटवरून आली तेव्हा घरात दिवा नव्हता. मीटरचा फ्यूज कोणीतरी काढून नेला होता. शुक्रवारी गल्लीत नळाला पाणी आलं, फक्त तिच्या टाकीत आलं नाही. बाहेरचा कॉक बंद करून त्याची मूठ काढून नेली होती. शीतलनं तक्रार लिहून दिली. ती घेऊन कांताबाई पोलीस ठाण्यात गेली. तिथं तिला बसवून घेतलं, हवालदारानं मालकाला फोन लावला, हसून बोलला, आणि तिला म्हणाला, मावशी, घरचंच प्रकरण दिसतं, आपसात मिटवा.

तिनं शेजारून दोन घागरी आणल्या. मधल्या खोलीत अंधारात बाजेवर बसून तिनं हिशेब केला, पैशाचा नाही, पाण्याचा. बाळंतिणीला दोन वेळा अंघोळ, बाळाला दोन वेळा, लंगोट, दुपटी. हे शेजारच्या घागरींवर होणार नाही. कोर्टाची तारीख कधी लागेल हे शीतलला सांगता येत नव्हतं. रूपालीची तारीख लागलेलीच होती.

नवीन वसाहतीत तिनं दोन खोल्या पाहिल्या. एका ठिकाणी घरवाल्यानं आधार कार्ड मागितलं, नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाला की खोली कालच दिली. दुसऱ्या ठिकाणी फक्त एकट्या बाईला खोली मिळेल, लहान मूल नको, अशी अट होती. शेवटी तिनं सामान टोळीतल्या एका बाईच्या पडवीत ठेवलं. चावी हरिओम घेऊन गेला. स्वतः लिहिलेल्या कागदाची झेरॉक्स तिनं शीतलकडं ठेवली आणि मूळ कागद पाकिटात घालून पोस्टानं भागवतला पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती. उत्तर आलं नाही.

लेकीच्या सासरी बाळंतपण करायला आई जाते, असं तिच्या माहितीत कोणी केलं नव्हतं. तीर्थपुरीला ती दोन पिशव्या घेऊन उतरली तेव्हा रूपालीची सासू गोजरबाई ओट्यावर तूर पाखडत होती.

"या विहीणबाई. आमच्यात उलटीच रीत निघाली म्हणायची. लेक आईकडं जाती, आई लेकीकडं आली." मग पिशव्यांकडं पाहून सूप बाजूला ठेवलं. "मोरीत पाणी काढून ठेवलंय. पाय धुवा. एकीला दोघी झालो तर मलाच बरं."

मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात, सुखरूप. घरी आल्यावर कांताबाईनं सगळं हातानं केलं. पण रूपाली तिच्याशी मोजकंच बोलत होती. पाचव्या दिवशी गोजरबाई रानात गेली असताना तिनं तोंड उघडलं.

"भुजंगमामाचा फोन आल्ता परवा."

"काय म्हणला?"

"म्हणला, मी महिनाभर राहा म्हणत होतो, तुझ्या आईनंच ऐकलं न्हाई, कागद उलटा लिहून दिला अन् निघून गेली." रूपाली बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "हितं बाया येतेत बघाया, म्हणतेत, माहेर न्हाई का गं तुला? काय सांगू मी? एवढं तीन महिने तुला नमतं घेता आलं न्हाई आई? एका सहीसाठी?"

कांताबाई पाणी तापवत होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, आत आली आणि रूपालीच्या समोर बसली.

रूपाली २०१५ मध्ये चौदा वर्षांची होती. कोर्टाच्या दिवशी शाळेत होती. भागवतमामा एकाएकी यायचे का बंद झाले, हे तिनं दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळेला आईनं सांगितलं होतं की भावाभावांचं भांडण झालंय. आता कांताबाईनं तिला पहिल्यापासून सांगितलं. भुजंग तांब्या फिरवत बसला होता ते, शपथपत्र स्वतः वाचलं ते, वकिलानं दोनदा विचारलं आणि दोनदा काय उत्तर दिलं ते. स्वतःला वाचवणारं काही तिनं मध्ये घातलं नाही. देवानंदला सहा घरांनी परत पाठवलं होतं, हे तिच्या जिभेवर आलं होतं. तेही तिनं सांगितलं नाही, कारण त्यानं गोष्ट सोपी झाली असती.

रूपाली ऐकत होती. मधेच बाळ रडलं, तिनं त्याला अंगावर घेतलं. पिऊन ते झोपलं. मग तिनं विचारलं, "मामाला म्हाइत होतं, तू खोटं बोलून राह्यली ते?"

"दोघांना बी."

"मी भागवतमामाचं इचारते."

"हो. समोरच होता."

रूपालीनं बाळाला खाली निजवलं आणि दुपटं नीट केलं. आईकडं न बघता म्हणाली, "नामकरण येत्या रविवारी धरलंय ह्यांनी. भंतेजींना सांगितलं. मामाकडचं कोण येणार म्हणून सासूबाई इचारत होत्या."

"भुजंग यील बोलावलं तर."

"त्याला न्हाई. भागवतमामाला लाव फोन."

"तो न्हाई यायचा."

"न्हाई येऊ दे. तू लाव."

कांताबाईनं पिशवीतून मोबाइल काढला. नंबर मीनाचा होता, त्या दिवशी कडुलिंबाखाली मीनानंच दिलेला. बरीच रिंग वाजली. मीनानं उचलला. कांताबाईनं मुलगी झाल्याचं सांगितलं, मीनाला आनंद झाला, वजन किती, रंग कोणावर गेला, असं तिनं विचारलं. मग कांताबाईनं विचारलं,

"भागवतभाऊ हायेत का?"

"दुकानात हायेत. हातात काम हाय त्यांच्या." मीना घुटमळली. "तुमचा कागद आल्ता. वाचला त्यांनी. काही बोलले न्हाईत. मी सांगू का काही?"

"न्हाई, मला त्यांच्याशीच बोलायचंय."

"टाइम लागल, ताई."

"लागू द्या," कांताबाई म्हणाली. "मी थांबते."

तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडं मीनाच्या चपलांचा आवाज लांब गेला.